सतरा, बारा आणि उणे तीन

औषधाच्या कारखान्यात कच्चा माल आला की त्याची ओळख पटवायची एक ठरलेली रीत आहे. चिमूटभर भुकटी घ्यायची, पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर खलायची आणि दाबयंत्राखाली तिची शर्टाच्या बटणाएवढी, काचेसारखी चकती करायची. ती चकती अवरक्त वर्णपटमापकात लावायची. पावसाळ्यात हे काम जिकिरीचं होतं. पोटॅशियम ब्रोमाइड हवेतलं पाणी ओढतं, आणि चकती यंत्रापर्यंत नेईस्तोवर धुरकटते. म्हणून जुलै-ऑगस्टात त्या खोलीत हवा कोरडी करणारं यंत्र अखंड घरघरत असतं. चकती लागली की पडद्यावर दऱ्याखोऱ्यांसारखी एक रेघ उमटते. रेघ थरथरती आली तर तंत्रज्ञ एक कळ दाबतो. थरथर निवते, दऱ्या जागच्या जागी राहतात.

त्या कळीमागे बहुतेक वेळा आकड्यांची एक ओळ असते. तिचं सगळ्यात साधं रूप असं: −३, १२, १७, १२, −३, आणि येईल त्या बेरजेला ३५ ने भागायचं.

ही ओळ आणि तिच्यासारख्या आणखी कितीतरी ओळी जुलै १९६४ च्या ‘ॲनालिटिकल केमिस्ट्री’ या अमेरिकी नियतकालिकात छापून आल्या. लेख तेरा पानांचा, लेखक अब्राहम सॅवित्स्की आणि मार्सेल गोले. पुढे याच नियतकालिकाने आपल्या पायाभूत लेखांत त्याची गणना केली आणि संगणकावर चालणाऱ्या विश्लेषण-यंत्रांची पहाट या लेखापाशी झाली असं म्हणता येईल, अशी नोंदही केली. गंमत अशी की त्यातलं मूळ गणित दीडशे वर्षांचं जुनं होतं. मग नवं काय होतं? ज्यांनी यंत्राची भिंगं, आरसे आणि संवेदक हाताने जुळवले होते, त्यांनीच त्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या आकड्यांचीही जबाबदारी घेतली. माझ्या मते या लेखाचं सारं बळ तिथे आहे, आणि ते समजायचं तर सॅवित्स्कींची वाट पहिल्यापासून चालून पाहावी लागते.

सूर्यप्रकाशाच्या तांबड्या टोकापलीकडे डोळ्यांना न दिसणारा उष्ण प्रकाश असतो, हे विल्यम हर्शेलने १८०० साली थर्मामीटर ठेवून दाखवलं होतं. रेणूतले अणू जणू स्प्रिंगने जोडलेले असावेत तसे सतत हलत असतात, आणि प्रत्येक बंध आपल्या ठरावीक वारंवारितेचा अवरक्त प्रकाश गिळतो. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या दुहेरी बंधाची दरी १७०० या आकड्याच्या आसपास दिसणार, हे रसायनशास्त्राचा विद्यार्थी पाठच करतो. विल्यम कोब्लेंट्झने १९०५ साली अनेक पदार्थांचे असे वर्णपट प्रसिद्ध केले होते. पण एकेक बिंदू मोजून, कागदावर मांडून एक वर्णपट काढायला तासन्‌तास लागत. पुढची तीसेक वर्षं हे काम भौतिकशास्त्राच्या थोड्या चिकट माणसांपुरतंच राहिलं.

ते कारखान्यात आलं युद्धामुळे. १९४२ मध्ये जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर अमेरिकेचा रबराचा पुरवठा जवळपास आटला. विमानांना, ट्रकना टायर हवे होते, म्हणून कृत्रिम रबराचे कारखाने उभे राहिले. तिथे ब्युटाडाइनसारख्या वायूंची शुद्धता रोजच्या रोज तपासायची, एकमेकांसारखे रेणू वेगळे ओळखायचे, तर अवरक्त वर्णपटासारखं साधन दुसरं नव्हतं. रिचर्ड पर्किन आणि चार्ल्स एल्मर या दोन हौशी खगोलप्रेमींनी १९३७ मध्ये भिंगं-आरशांची एक कंपनी काढली होती. तिने १९४४ मध्ये आपला पहिला अवरक्त वर्णपटमापक बाजारात आणला. युद्ध संपलं तेव्हा रसायन उद्योगाला या यंत्राची सवय लागून गेली होती.

सॅवित्स्कींचा जन्म १९१९ चा, न्यूयॉर्कचा. १९४१ मध्ये ते ऑल्बनीच्या शिक्षक महाविद्यालयातून पदवीधर झाले, युद्धात लष्कराच्या हवाई दलात गेले, आणि परतल्यावर कोलंबिया विद्यापीठात भौतिक रसायनशास्त्र शिकू लागले. १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळाली. त्यांचं त्या काळातलं काम शुद्ध यंत्रबांधणीचं होतं. राल्फ हॅलफर्ड यांच्यासोबत त्यांनी १९५० मध्ये दुहेरी शलाकेच्या अवरक्त वर्णपटमापकावर लेख प्रसिद्ध केला.

हे दुहेरी शलाकेचं प्रकरण काय, ते थोडं थांबून सांगतो. नमुन्यातून गेलेला प्रकाश कमी झाला, पण तो नमुन्याने गिळला की खोलीतल्या बाष्पाने? की दिवाच क्षणभर मंदावला? एका शलाकेच्या यंत्राला हे सांगता येत नाही. म्हणून प्रकाशाचे दोन भाग करायचे. एक नमुन्यातून न्यायचा, दुसरा तसाच मोकळा, आणि दोघांचं गुणोत्तर कागदावर नोंदवायचं. बाष्पाचा, दिव्याचा दोष दोन्हीकडे सारखाच येतो, भागाकारात तो उडून जातो. सॅवित्स्की आणि हॅलफर्ड यांच्या यंत्रात दोन्ही शलाका एकाच संवेदकावर पडत, पण आळीपाळीने, आणि कोणता ठोका कोणत्या शलाकेचा हे विद्युत मंडल ओळखत असे. संशोधनाच्या अगदी सुरुवातीला या तरुणाने ज्या प्रश्नाला हात घातला, तो आयुष्यभर त्याच्यासोबत राहिला: मोजलेल्यातलं पदार्थाचं किती, आणि यंत्राचं किती?

१९५० मध्ये ते पर्किन-एल्मरमध्ये रुजू झाले आणि १९८५ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. कंपनी कनेक्टिकट राज्यातल्या नॉरवॉकची. तिची दुहेरी शलाकेची यंत्रं तेव्हा प्रयोगशाळांत पोहोचत होती. मिठाचा लोलक हा या यंत्रांचा जीव, कारण काच अवरक्त प्रकाश अडवते आणि साधं मीठ तो जाऊ देतं. लोलक सावकाश वळे, कागदाची गुंडाळी पुढे सरके आणि शाईची लेखणी वर्णपट काढत जाई. १९५६ पर्यंत सॅवित्स्की उपकरण विभागातल्या नव्या उत्पादनांचे समन्वयक झाले होते. त्यामुळे यंत्र गिऱ्हाइकाच्या टेबलावर गेल्यावर काय काय बिघडतं, हेही त्यांना रोज दिसत असणार.

सगळ्यांना छळणारी अडचण एकच होती. अवरक्त प्रकाश दुबळा, संवेदकाला येणारी ऊब नाममात्र. ती वाढवून लेखणीपर्यंत नेताना विद्युत मंडलाची स्वतःची खरखरही वाढे. मोठी दरी स्पष्ट दिसे. लहान दरी मात्र खरी आहे की नुसती लेखणीची थरथर आहे, यावर वाद होत.

उपाय होते, पण प्रत्येकाची किंमत होती. प्रकाश आत सोडणारी फट रुंद केली तर प्रकाश जास्त येतो, पण शेजारशेजारच्या दोन दऱ्या एकमेकींत मिसळतात. लोलक हळू फिरवला तर वेळ जातो. तोच वर्णपट पुन्हा पुन्हा काढून सरासरी घेतली तर खरखर कमी होते, पण ती आवर्तनांच्या वर्गमुळाच्या हिशेबाने. खरखर एक-दशांशावर आणायची तर वर्णपट शंभर वेळा काढायला हवा. एका वर्णपटाला दहा-पंधरा मिनिटं धरली तरी शंभरांना पुरा दिवस लागतो, आणि तेवढ्या वेळात यंत्र आपल्या जागेवर राहत नाही.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला लेखणीबरोबर आकडेही मिळू लागले. यंत्राचं माप छिद्रांच्या रूपात कागदी फितीवर किंवा पंच कार्डांवर उतरवायचं, आणि ती कार्डं संगणकाच्या खोलीत नेऊन द्यायची. संगणक महाग, त्याची स्मृती तोकडी आणि त्यावरचा प्रत्येक मिनिट मोजूनमापून मिळे. सॅवित्स्की आता याच कामात ओढले गेले होते: रसायनशास्त्रज्ञाला संगणकाचा उपयोग कसा करून द्यावा?

आकडे हाती आल्यावर कोणालाही पहिल्यांदा सुचतं ते म्हणजे चलसरासरी. प्रत्येक बिंदूच्या जागी तो स्वतः आणि त्याचे डावे-उजवे दोन-दोन शेजारी यांची सरासरी ठेवायची. खरखर खात्रीने घटते. पण यात एक अन्याय आहे, तो आकड्यांतच पाहू. समजा एका अरुंद शिखरावरचे पाच आकडे १०, १२, २०, १३, ११ असे आहेत. बेरीज ६६, सरासरी १३.२. मधला वीसचा आकडा, जो कदाचित खराच शिखराचा माथा होता, तो तेरावर आला. रसायनशास्त्रज्ञ त्या उंचीवरूनच पदार्थाचं प्रमाण काढतो, म्हणजे त्याचा हिशेबच चुकला.

मार्सेल गोले यांचा प्रवेश इथे होतो. ते सॅवित्स्कींपेक्षा सतरा वर्षांनी मोठे. जन्म १९०२ चा, स्वित्झर्लंडच्या नशातेलचा. झुरिकला विद्युत अभियांत्रिकी, मग अमेरिकेत बेल प्रयोगशाळा, १९३१ मध्ये शिकागो विद्यापीठाची अणुकेंद्र-भौतिकीतली डॉक्टरेट, आणि त्यानंतर पंचवीस वर्षं अमेरिकी लष्कराच्या संदेशवहन दलात. या माणसाने ज्या ज्या गोष्टीला हात लावला, ती वेगवेगळ्या शास्त्रांच्या पाठ्यपुस्तकांत गेली. १९४७ चा ‘गोले सेल’ म्हणजे वायूने भरलेली एक चिमुकली डबी. उष्ण प्रकाश पडला की आतला वायू फुगतो, एका टोकाचा पातळ पडदा बाहेर येतो, आणि त्या पडद्यावरून परतणारा उजेड जागा बदलतो. इतक्या साध्या युक्तीने अतिशय मंद अवरक्त प्रकाश पकडता आला.

१९४९ मध्ये त्यांनी जेमतेम पानभर मजकुरात एक संकेत मांडला. बारा अंकांच्या संदेशाला पडताळणीचे अकरा अंक जोडायचे, मग वाटेत त्या तेवीसपैकी कोणतेही तीन बिघडले तरी मूळ संदेश परत मिळवता येतो. त्याच संकेताचं चोवीस अंकी रूप वापरून व्हॉयेजर यानांनी १९७९ ते १९८१ या काळात गुरू आणि शनी यांची रंगीत छायाचित्रं पृथ्वीवर पाठवली. संकेत मांडला त्याच सुमारास, वर्णपटमापकात एका फटीऐवजी अनेक फटी कशा मांडाव्यात याचा विचार करताना त्यांना आकड्यांच्या अशा जोड्या सापडल्या, की एकीचा उरलेला दोष दुसरी बरोबर खोडते. आज बिनतारी संदेशवहनात त्या जोड्या वापरल्या जातात. १९५७-५८ मध्ये वायू-वर्णलेखनासाठी केसासारख्या बारीक नळ्यांचं तंत्रही त्यांनीच दिलं. वरवर पाहता या चार गोष्टींचा मेळ नाही. पण खरखरीत बुडालेला खरा संदेश वेगळा काढणं, हा धागा त्यांतल्या तीन गोष्टींमधून सरळ जातो. १९५५ पासून ते पर्किन-एल्मरचे सल्लागार होते, १९६३ मध्ये तिथे पूर्णवेळ आले.

दोघांनी मिळून काढलेला मार्ग असा. पाच शेजारी बिंदूंची सपाट सरासरी घेऊ नये. त्यांच्यामधून सगळ्यात चांगली बसणारी वक्ररेषा काढावी आणि तिची मधोमधची उंची घ्यावी. ‘सगळ्यात चांगली’ म्हणजे बिंदू आणि रेषा यांच्यातल्या अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान ठेवणारी. ही किमान वर्गांची पद्धत लजांद्रने १८०५ मध्ये आणि गाउसने १८०९ मध्ये प्रसिद्ध केली होती. वक्ररेषेला माथा असू शकतो, त्यामुळे शिखर सपाट होत नाही. पण प्रत्येक बिंदूपाशी नवी समीकरणं मांडून सोडवायची, तीही हजार बिंदूंच्या वर्णपटासाठी? त्या काळच्या संगणकाला ते झेपण्यासारखं नव्हतं.

इथे त्यांनी वर्णपटमापकाचा एक साधा गुण वापरला. यंत्र समान अंतरावर माप घेतं. अंतरं समान असली की समीकरणातल्या अज्ञात संख्यांचे सहगुणक दर वेळी तेच येतात. मग ते एकदाच सोडवावेत! उत्तर म्हणून उरतात फक्त पाच वजनं: −३, १२, १७, १२, −३. कागदाच्या एका पट्टीवर ही वजनं एकाखाली एक लिहा. वर्णपटाचे आकडे दुसऱ्या कागदावर उभ्या रांगेत लिहा. पट्टी शेजारी धरा, समोरासमोरच्या आकड्यांचे गुणाकार करा, बेरीज घ्या, ३५ ने भागा. पट्टी एक घर खाली सरकवा, पुन्हा तेच. समीकरण सोडवण्याचं काम गुणाकार-बेरजेवर आलं, आणि ते शाळकरी मुलालाही जमेल.

मघाच्याच आकड्यांवर करून पाहू. दहाला उणे तीनने गुणलं, उणे तीस. बाराला बाराने, १४४. विसाला सतराने, ३४०. तेराला बाराने, १५६. अकराला उणे तीनने, उणे ३३. बेरीज ५७७, भागिले ३५, उत्तर साधारण १६.५. सरासरीने तेरापर्यंत खाली ओढलेला माथा इथे साडेसोळावर राहिला. त्याची किंमतही सांगितली पाहिजे. सपाट सरासरी खरखर निम्म्याहून खाली आणते, ही पट्टी मात्र ती सुमारे सत्तर टक्क्यांवरच आणते. आकार जपायचा तर खरखर थोडी जास्त सोसावी लागते. कमी सोसायची असेल तर पट्टी लांब करायची, आणि त्यासाठी लेखात पाचपासून पंचवीस बिंदूंपर्यंतच्या पट्ट्या तयार करून दिल्या होत्या.

शिवाय याच युक्तीने रेघेचा चढ-उतार, म्हणजे तिचा विकलज, थेट मिळत होता. पाच बिंदूंसाठी −२, −१, ०, १, २ ही वजनं आणि भागायला १०, इतकंच. एका रुंद दरीच्या कुशीत लपलेली दुसरी दरी मूळ रेघेत नुसती फुगवट्यासारखी दिसते. दुसऱ्या विकलजात ती सुटी होऊन समोर येते. रसायनशास्त्रज्ञांना या पद्धतीचं खरं प्रेम जडलं ते या उपयोगामुळे, असं मला वाटतं.

सरकत्या वजनांनी रांग गुळगुळीत करणं विमा क्षेत्रातल्या गणितज्ञांना आधीच ठाऊक होतं. वयागणिक मृत्यूंचं प्रमाण मांडलं की ती रांगही खडबडीत येते, आणि हप्ता ठरवायला ती सलग हवी असते. जॉन स्पेन्सर यांचं पंधरा पदांचं सूत्र १९०४ चं आहे. पण वर्णपट काढणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाच्या टेबलावर विम्याची पुस्तकं नसतात. त्याच्या नियतकालिकात, त्याच्या कामाच्या शब्दांत, कशासाठी वापरायचं हे दाखवून आणि उतरवून घेता येतील असे तयार तक्ते देऊन ही गोष्ट कोणीतरी सांगायला हवी होती. या कामाला काही जण दुय्यम मानतात. मी मानत नाही. शोध लागणं आणि तो कामाला लागणं यांत साठ वर्षं गेली, आणि मधली दरी बुजवायला यंत्रही जाणणारा आणि आकडेही जाणणारा माणूस लागला.

तक्त्यांत चुका होत्या. इतके आकडे हाताळून छापखान्यात पाठवायचे, तिथे काही चुकीचे गेले. १९७२ मध्ये स्टेनिए, तेर्मोनिया आणि देल्तूर या तिघांनी त्याच नियतकालिकात दुरुस्त्या प्रसिद्ध केल्या, आणि १९७८ मध्ये मॅडन यांनी वजनं काढायची सोपी सूत्रं दिली. तक्ते बिनचूक आहेत असं समजून कितीतरी प्रयोगशाळांनी ते मधल्या आठ वर्षांत जसेच्या तसे आपल्या कार्डांवर उतरवले असणार. दुसरी उणीव पद्धतीतच होती. पाच बिंदूंच्या पट्टीचा मध्य पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन बिंदूंवर ठेवताच येत नाही, म्हणून रेघेची दोन्ही टोकं तशीच राहत. त्यावर पीटर गोरी यांनी १९९० मध्ये नीट उत्तर दिलं.

लेखानंतर वर्षभरातच, १९६५ मध्ये, कूली आणि टुकी यांची जलद फूरिये रूपांतराची रीत आली. तिच्या जोरावर पुढच्या दशकात वर्णपटमापकांतून मिठाचा लोलक जाऊन हलत्या आरशांचा व्यतिकरणमापक आला. संपूर्ण वर्णपट काही सेकंदांत मिळू लागला आणि शंभर आवर्तनांची सरासरी ही चैन राहिली नाही. खरं तर इथे सॅवित्स्की-गोले पट्टीचं काम संपायला हवं होतं. पण एव्हाना ती अवरक्ताच्या बाहेर पडली होती. धान्यातला ओलावा आणि प्रथिनं निकट-अवरक्त प्रकाशाने मोजण्याचं तंत्र कार्ल नॉरिस यांनी अमेरिकी कृषी खात्यात उभं केलं, आणि तिथे विकलज हा विश्लेषणाचा नेहमीचा पहिला टप्पा झाला. रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र यांच्या सीमेवर ‘केमोमेट्रिक्स’ नावाची शाखाच उभी राहिली. हृदयाच्या आलेखावरची थरथर घालवायला ही पट्टी वापरतात. ढगांमुळे उपग्रहाच्या नोंदीत खड्डे पडतात, ते भरून पिकांच्या हिरवेपणाची वर्षभराची रेघ सलग करायलाही तीच लागते.

लोकप्रियतेने नुकसानही केलं. कळ दाबायला सोपी झाल्यावर पट्टी किती लांब घ्यावी याचा विचार मागे पडला. शिखराच्या रुंदीपेक्षा पट्टी लांब झाली की ती शिखरच खाते, आणि तिच्या शेजारी मुळात नसलेल्या लाटा उमटवते. कडेच्या उणे वजनांचा तो परिणाम. वेगाने बदलणारी खरखर ही पद्धत पुरती दाबत नाही, हा तिचा जुना दोष. व्हिएन्नाच्या श्मिड, राथ आणि डीबोल्ड यांनी २०२२ मध्ये एका लेखात तो मुद्देसूद मांडला आणि हिच्याऐवजी दुसऱ्या, सुधारित वजनांच्या पट्ट्या वापराव्यात असं सुचवलं. त्यांचं म्हणणं योग्य आहे. आजच्या संगणकाला पाच पूर्णांकांची काटकसर करायची गरज उरलेली नाही.

गोले एप्रिल १९८९ मध्ये लोझानला वारले. त्याच वर्षी सॅवित्स्कींनी ‘ॲनालिटिकल केमिस्ट्री’त आपल्या दोघांच्या सहकार्याची हकिकत तीन पानांत लिहिली. ते तेव्हा सत्तर वर्षांचे होते, नोकरीतून निवृत्त झाले होते आणि विश्लेषण-रसायनाची सल्लागार संस्था चालवत होते. १९९९ मध्ये तेही गेले. पायथन वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना आज ही पद्धत ‘सॅवगोल’ या नावाच्या आज्ञेतून मिळते. बिंदूंची संख्या द्यायची, बहुपदीचा घात द्यायचा. पाच आणि दोन हे आकडे दिले की आत कुठेतरी ती जुनीच पट्टी तयार होते, उणे तीन, बारा, सतरा, बारा, उणे तीन, आणि एकेक घर खाली सरकू लागते.